डोमेन संपलं आणि फोन आला: तात्यांचे चोवीस हजार कसे गेले

ज्यांच्या दुकानाची, लॉजची, क्लासची स्वतःची वेबसाइट आहे त्यांनी हे जरूर वाचावं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावं. आमच्या तात्यांचे २४,१९० रुपये गेले. ज्याने ते नेले त्याने सांगितलेल्यातलं निम्मं अगदी खरं होतं. त्या खऱ्यावर विश्वास बसला आणि त्याच विश्वासावर पुढचं खोटं खपलं.

तात्या म्हणजे माझे चुलते. महाद्वार रोडजवळच्या गल्लीत आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. अंबाबाईला आलेली माणसं जाताना एक जोड घेऊन जातात, हा जुना धंदा. पण गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईची, बाहेरच्या राज्यांतलीही गिऱ्हाइकं वेबसाइटवरून माप पाठवून मागवायला लागली. कापशी, कुरुंदवाडी, वेणीची बारीक, पट्ट्याची जाड, सगळ्याचे फोटो तिथे आहेत. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत या ऑर्डरींवर कारागिरांची बरीच मजुरी निघते. ऐन भाद्रपदात ही साइट बंद पडली.

कारण साधं होतं. डोमेनची मुदत संपली होती. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, आणि ते कायमचं विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीनं घ्यायचं आणि पुढे पैसे भरून चालू ठेवायचं. आमचं डॉट कॉमचं नाव गल्लीतल्याच एका पोरानं साइट करून देताना नोंदवलेलं होतं. तो पुढे नोकरीला पुण्याला गेला. आयकॅन या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, म्हणजे रजिस्ट्रारने, मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर एक आणि आठवडाभर एक अशी सूचना पाठवायची असते आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्या सूचना गेल्या असणारच, पण गेल्या त्या पोराच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवर, जो तो आता उघडतही नाही. तात्यांना काहीच कळायला मार्ग नव्हता. त्यात दुकानाचा ईमेलही त्याच डोमेनवर चालायचा, त्यामुळे साइटबरोबर तोही गेला. गिऱ्हाइकांची पत्रं परत जायला लागली तेव्हा फोन येऊ लागले.

त्याच सुमाराला हा फोन आला. माणूस मराठीच बोलत होता, अदबीनं. "डोमेन रजिस्ट्रीतून बोलतोय. काका, तुमचं डोमेन एक्स्पायर झालंय. आज रात्री बारानंतर ते लिलावात जाईल, मग नाव कुणीही घेऊ शकतं." त्यानं डोमेनचं नाव बरोबर सांगितलं, मुदत कोणत्या तारखेला संपली ते सांगितलं, नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे तेही सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या. तात्या म्हणाले, "एवढं सगळं म्हाईत हाय म्हंजे हापिसातलाच मानूस असणार."

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. या तिन्ही गोष्टी जगात कुणालाही बघता येतात. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेनचं नाव टाकलं की रजिस्ट्रार कोण, नोंदणी कधीची, मुदत कधीपर्यंतची, हे सगळं समोर येतं. मालकाचा पत्ता-फोन बहुतेक वेळा झाकलेला असतो, पण तात्यांचा नंबर दुकानाच्या पाटीवर आहे आणि गुगल मॅपवरही आहे. ही दोन टोकं जोडायला पाच मिनिटं पुरतात. आणि डॉट कॉमची मूळ नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, सांभाळणारी कंपनी व्हेरिसाइन. ती थेट दुकानदाराला डोमेन विकत नाही. डॉट इनची नोंदवही निक्सी या भारतातल्या संस्थेकडे, त्यांचंही काम रजिस्ट्रारमार्फतच चालतं. "रजिस्ट्रीतून बोलतोय, पैसे भरा" असा फोन आला की तिथेच तो खोटा ठरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर बिल आलं. वर पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह, खाली शिक्का. "रिडेम्प्शन चार्जेस १२,५००, जीएसटी १८ टक्के २,२५०, एकूण १४,७५०." जीएसटी १८ टक्के बरोबर, बेरीजही बरोबर. पण पत्ता मुंबईचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा कोड २७ आहे, ०७ दिल्लीचा. नंतर मी तो पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला, तर तो भलत्याच व्यापाराच्या फर्मचा निघाला. पैसे भरताना यूपीआयवर कंपनीचं नाव यायला हवं होतं, आलं एका माणसाचं. तात्यांनी विचारलं, तर उत्तर तयार होतं, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीमुळे असं घ्यावं लागतं." जीएसटीमध्ये असलं काहीही नाही.

पुढचा भाग सगळ्यांत घातक आहे, आणि हा डाव मी तरी आधी कधी ऐकलेला नव्हता. पैसे गेल्यावर साइट सुरू झाली नाही. तात्यांनी फोन केला तर त्या माणसानं लुकअप पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर मुदतीची तारीख खरोखरच एक वर्षानं पुढची दिसत होती. "बघा काका, तुमचं रिन्यू झालं. आता फक्त लॉक काढायचा, त्याचे आठ हजार अधिक जीएसटी." तात्यांनी शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडून बघितलं. तारीख तीच, पुढच्या वर्षाची. मग आणखी ९,४४० रुपये गेले.

तो स्क्रीनशॉट बनावट नव्हता. डॉट कॉमची मुदत संपली की नोंदवहीत ते नाव आपोआप एक वर्षानं पुढे ढकललं जातं आणि रजिस्ट्रारला ४५ दिवस मिळतात. तेवढ्यात मालकानं पैसे भरले नाहीत तर रजिस्ट्रार नाव काढून टाकतो आणि ते वर्ष रद्द होतं. म्हणजे कुणी एक रुपया भरलेला नसतानाही तारीख पुढची दिसते. खरी स्थिती रजिस्ट्रारच्या आपल्या खात्यात कळते. हे ज्याला माहीत आहे, त्याला तात्यांसारख्या माणसाला गंडवणं अवघड नाही. तात्या चामड्याला हात लावून ते कुठल्या जनावराचं आणि कसं कमावलेलं हे सांगतात, स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय पैसे देत नाहीत. इथेही त्यांनी खात्री करूनच पैसे दिले होते. माझा राग त्या माणसावर आहे तो यासाठी.

तिसऱ्यांदा "रिफंडेबल डिपॉझिट" म्हणून क्यूआर कोड आला तेव्हा तात्यांनी मला बोलावलं. "पोरी, हे बघ गं जरा, हा परत पैसं मागतोय." मी पुण्याच्या त्या पोराला फोन लावला. पोरगा भला, त्यानं जुना ईमेल उघडून पासवर्ड बदलून दिला. खात्यात गेल्यावर दिसलं की डोमेन अजून सवलतीच्या काळातच होतं, नेहमीच्या भावानं रिन्यू होत होतं. जीएसटीसकट चौदाशेच्या आसपास. भरले, आणि संध्याकाळपर्यंत साइट उघडायला लागली. ईमेल सगळीकडे पूर्ववत व्हायला थोडा जास्त वेळ गेला.

"रात्री बारानंतर लिलाव" ही नुसती भीती होती. डॉट कॉमच्या बाबतीत खरा क्रम असा. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस ते काही आठवडे नेहमीच्या दरानं भरू देतात, किती ते त्यांच्या अटींत लिहिलेलं असतं. रजिस्ट्रारनं नाव काढून टाकलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ लागतो. तेव्हा नाव परत मिळतं, पण जास्तीचा दंड खरोखरच असतो, आणि तोसुद्धा रजिस्ट्रारच्या खात्यातूनच भरायचा. त्यानंतर पाच दिवस "पेंडिंग डिलीट", त्यात कुणालाच काही करता येत नाही. मग नाव खुलं होतं. काही रजिस्ट्रार महिनाभरातच नाव लिलावात काढतात, म्हणून दिरंगाई नकोच. पण एका रात्रीचा प्रश्न क्वचितच असतो, आपलं खातं उघडून बघायला वेळ मिळतोच.

आणि डोमेनची तारीख चुकली म्हणून कुणी लाजून गप्प बसू नये. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम, ज्यावरून हॉटमेलचं लॉगिन चालायचं, ते असंच भरायचं राहिलं आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची अडचण झाली. एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुरळीत झालं. तात्या लाजेपोटी घरात कुणाला बोलले नाहीत, आणि त्या मधल्या वेळातच दुसरी रक्कम गेली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर बिल, स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक सगळं चढवलं. पण पैसे तोवर पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. जितक्या लवकर १९३० ला फोन जाईल तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त, हे सायबर पोलिसांनीही सांगितलं. तक्रार नोंद आहे, पैसे आलेले नाहीत.

आता डोमेनचं खातं तात्यांच्या नावावर आहे, ईमेल जीमेलचा, म्हणजे डोमेन बंद पडलं तरी सूचना पोचेल. मोबाइल नंबर तात्यांचा आणि माझाही. पाच वर्षांचे पैसे एकदम भरलेत. ज्यांची साइट दुसऱ्या कुणी करून दिली आहे त्यांनी आजच त्याला विचारा, खातं कुणाच्या ईमेलवर आहे, आणि माणूस हाताशी आहे तोवर ते स्वतःकडे करून घ्या.

परवा शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यानं मला एक बिल दाखवलं. वरचं नाव वेगळं, चिन्ह वेगळं, पण ०७ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक तोच. त्यांनी अजून पैसे भरलेले नव्हते. ते बिलही मी आमच्या तक्रारीला जोडायला दिलं आहे. तुमच्याकडे असं काही आलं असेल तर पैसे भरलेले नसले तरी पोर्टलवर नोंदवा, आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक व यूपीआय आयडी त्यात न विसरता लिहा.