डॉटनेटचा एक्स५०९स्टोअर: कपाट झक्कास, पण किल्लीचं बघा

ओळखीच्या एका सीए काकांना बिलांच्या पीडीएफवर डिजिटल सही करणारं छोटं सॉफ्टवेअर करून देत होतो, म्हणजे काका यूएसबी टोकन (सहीची किल्ली आत ठेवलेला, पेनड्राइव्हसारखा तुकडा) खोचणार, पिन टाकणार आणि सगळा गठ्ठा एका दमात सही होऊन बाहेर. त्यासाठी विंडोजमधली सर्टिफिकेटं (सही कोणाची ते सांगणारी डिजिटल ओळखपत्रं) कोडमधून वाचायला डॉटनेटचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मचा, एक्स५०९स्टोअर हा क्लास वापरला, त्याचा हा रिव्ह्यू.

सुरुवात एकदम सोपी. स्टोअरचं, म्हणजे सर्टिफिकेटांच्या कपाटाचं, नाव द्या, करंटयूजर (फक्त या यूजरचं) की लोकलमशीन (अख्ख्या कॉम्प्युटरचं) ते सांगा, रीडओन्लीमध्ये उघडा, झालं, चारपाच ओळींत सगळी सर्टिफिकेटं हातात. फक्त नावाची एक गंमत, सर्टएमजीआर (विंडोजची सर्टिफिकेटं दाखवणारी खिडकी) उघडलं की ज्याला पर्सनल म्हणतात त्यालाच कोडमध्ये माय म्हणायचं, मी पहिला अर्धा तास पर्सनल नावाचंच स्टोअर शोधत होतो 😅

मग फाइंड, म्हणजे सर्टिफिकेट शोधायची मेथड. थंबप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारा लांबलचक कोड) देऊन शोधा म्हणतात, दिला, काहीच सापडेना. डोळ्यासमोर सर्टिफिकेट दिसतंय आणि कोड म्हणतोय शून्य! सर्टिफिकेटच्या खिडकीतून थंबप्रिंट कॉपी केला की कधीकधी पुढे एक न दिसणारं कॅरेक्टर चिकटून येतं, ते काढलं. तरी शून्य. कारण फाइंडला शेवटी ट्रू दिलं होतं, म्हणजे फक्त व्हॅलिड ठरणारीच सर्टिफिकेटं परत येतात आणि टेस्टिंगचं माझं तर घरीच बनवलेलं सेल्फसाइन्ड (कुठल्या अधिकृत संस्थेने न दिलेलं). फॉल्स केलं, सापडलं. व्हॅलिडिटी नंतर आपली आपण तपासायची.

पण खरी परीक्षा प्रायव्हेट कीची, म्हणजे सही करणाऱ्या गुप्त किल्लीची. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सही करता येईल असं नाही हो, हॅजप्रायव्हेटकी (की आहे का ते सांगणारी प्रॉपर्टी) बघा, आणि की काढायला जुनी प्रायव्हेटकी प्रॉपर्टी नको, गेटआरएसएप्रायव्हेटकी वापरा (डॉटनेट फ्रेमवर्क ४.६ पासून आहे), नव्या पद्धतीच्या कीवर जुनी प्रॉपर्टी सरळ एरर मारते. टोकनची की तर टोकनच्या बाहेर येतच नाही, सही आतच होते, म्हणून कोणी कोडमधून की एक्स्पोर्ट करून दे म्हणाला तर हात जोडा.

माझा सगळ्यात मोठा येडेपणा म्हणजे हौसेने हे विंडोज सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) करून टाकलं. सर्व्हिसचा यूजर वेगळा, त्यामुळे त्याचं करंटयूजरचं कपाटही वेगळं, आणि पिनची खिडकी उघडणार ती कोणाला दिसणारच नाही अशा सेशनमध्ये! काका फोनवर, "अरे, अजून गोलच फिरतंय." शेवटी साधं डेस्कटॉप ॲप केलं, सुटलो.

अजून एक, थंबप्रिंट कोडमध्ये लिहून ठेवू नका. डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) रिन्यू केली की नवं सर्टिफिकेट आणि थंबप्रिंटही नवा. मी एक्स५०९सर्टिफिकेट२यूआय वापरून निवडायची खिडकीच दाखवली, काका स्वतःचं नाव बघून क्लिक करतात.

विंडोजपुरतं माझ्याकडून ४ स्टार. लिनक्सवर हाच कोड चालवायचा बेत असेल तर थांबा, तिथे माय म्हणजे यूजरच्या होम फोल्डरमधल्या पीएफएक्स (सर्टिफिकेट आणि की एकत्र असलेल्या) फाइल्स आणि लोकलमशीनचं माय तर नाहीच, त्यापेक्षा पीएफएक्स थेट लोड केलेली परवडते.