एका छताखालचे दोन दिनक्रम: मालकीण आणि मोलकरीण

सातवा एडवर्ड गादीवर असताना (1901 ते 1910) इंग्लंडमधील सरदारांच्या ग्रामीण वाड्यांत मोलकरीण पहाटे सहाच्या सुमारास उठून फायरप्लेसमधली राख काढी, लोखंडी जाळी काळ्या पॉलिशने घासून चकचकीत करी आणि मग कोळसा व गरम पाण्याची जड भांडी मागच्या अरुंद जिन्याने वर नेई. त्याच पाण्याने तोंड धुणाऱ्या मालकिणीचा दिवस पत्रे, पाहुणे आणि अनेकदा चार-पाच वेळा पोशाख बदलणे यांत जाई. शिष्टाचाराचा जाच तिलाही होता, हे मान्य करावे लागेल; पण तो पोटासाठी सोसावा लागत नव्हता, आणि माझ्या मते खरा फरक तोच आहे. मोलकरणीला आठवड्यातून साधारण अर्धा दिवस सुटी मिळे. काही वाड्यांत तर मालकांच्या सोयीसाठी नोकरांची नावेही बदलली जात.

1911 च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समध्ये 12 लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. त्यांपैकी बहुतेकींची चित्रे कोणी काढली नाहीत. वेल्समधील एर्डिगच्या यॉर्क कुटुंबाने मात्र आपल्या नोकरांची चित्रे व छायाचित्रे काढवून घेतली आणि त्यांच्यावर पद्येही रचली.