सेव्हन-झिप आणि मराठी फाइलनावं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, फेरफार, आठ-अ: मराठवाड्यातल्या कुठल्याही सेतू केंद्रावर हे कागद हल्ली झिपमध्ये बांधूनच येतात. कुणी फोनवरून पाठवतं, कुणी मॅकवरून, काही एखाद्या पोर्टलवरून उतरवलेले असतात. आतला पीडीएफ शाबूत असतो, नावाची मात्र वाट लागलेली असते. गावाचं नाव आणि गट नंबर फाइलच्या नावातच असेल, तर नाव गेलं की कागद कुणाचा हे एकेक उघडून पाहावं लागतं. म्हणून इथे फक्त सेव्हन-झिप, म्हणजे झिप बांधण्या-उघडण्याचा प्रोग्रॅम, नावं कशी सांभाळतं तेवढंच लिहितो. बाकी ते मोफत आहे, जुन्या संगणकावरही हलकं चालतं.

सगळ्यात जास्त भेटणारी अडचण म्हणजे मराठी नावाच्या जागी भलतीच अक्षरं दिसणं. झिप फॉरमॅट १९८९ चा. त्यातली नावं मुळात कोड पेज ४३७ मध्ये लिहायची होती (कोड पेज म्हणजे कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर याचा तक्ता) आणि त्यात देवनागरी नाही. २००६ मध्ये यूटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोडची सगळी अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची, सोय आली: हेडरमधला, म्हणजे झिपमधल्या त्या फाइलच्या नोंदीतला, ११ क्रमांकाचा बिट चालू असेल तर नाव यूटीएफ-८ समजायचं. मॅकची स्वतःची झिप करण्याची सोय नाव यूटीएफ-८ मध्येच लिहिते, पण हा बिट चालू करत नाही. मग विंडोजवर तेच बाइट ४३७ ने वाचले जातात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, त्यातला पहिला बाइट कायम एकच आणि दुसरा दोनपैकी एक. त्यामुळे पडद्यावर ग्रीक अल्फा आणि त्यामागे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, कधी लहान कधी मोठा, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. ही जोडी दिसली तर काळजी करू नका, नाव पूर्ण परत मिळतं. कमांड लाइनवर काढताना एक्स या कमांडनंतर वजा चिन्ह लावून एमसीपी=६५००१ लिहा, अक्षरं लहान इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी. हीच सोय सेव्हन-झिपच्या खिडकीत कुठेही नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. विनरार या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ऑप्शन्सखाली नेम एन्कोडिंगमध्ये ती माउसने निवडता येते.

नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र नाव गेलंच. मराठीसाठी विंडोजमध्ये जुन्या धाटणीचं कोड पेज कधी नव्हतंच, त्यामुळे युनिकोड न जाणणारा जुना प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराजागी प्रश्नचिन्हच लिहून ठेवतो. प्रश्नचिन्ह विंडोजच्या नावात चालत नाही, म्हणून काढताना सेव्हन-झिप त्याचा अंडरस्कोर (तळाची आडवी रेघ) करतं. आता ‘औसा’ आणि ‘बीड’ दोन्ही ३ चिन्हांची, दोन्हींचे तीन अंडरस्कोर, आणि दुसरी फाइल पहिलीवर लिहू का असा प्रश्न समोर येतो. इथे घाईत ‘येस टू ऑल’ दाबलं की काढलेल्यांतला एक कागद जातो. ‘ऑटो रिनेम’च निवडा, पुढे एक-दोन असे आकडे लागतात आणि सगळ्या फायली हाती राहतात.

अंडरस्कोर टाकण्याची ही पद्धत कोलन, तारका, उभी रेघ, अवतरणचिन्ह यांनाही लागू आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त फटका बसतो तो शेवटच्या टिंबाला. ‘ग्रा. पं.’ नावाचं फोल्डर लिनक्सवर झिप झालेलं असेल तर विंडोजला टिंबाने संपणारं नाव चालत नाही. सेव्हन-झिप शेवटच्या टिंबाचा अंडरस्कोर करून फोल्डर काढून देतं. काम होतं, पण नाव बदललं हे ते कुठेही सांगत नाही. नावांवरून एक्सेलमध्ये यादी जुळवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

तिरकी रेघ हा वेगळाच मामला आहे. झिपमध्ये ती फोल्डरची खूण असते. एखाद्या पोर्टलने ‘गट १४५/२’ हे नाव जसंच्या तसं झिपमध्ये टाकलं, तर ‘गट १४५’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘२’ नावाची फाइल निघते. सातबाऱ्याचंही तसंच: ‘७’ फोल्डर, आत ‘१२’. यात सेव्हन-झिपचा दोष नाही, नाव देणाऱ्याने तिथे आडवी रेघ वापरायला हवी होती. हातातली झिप दुरुस्त करायची तर ती सेव्हन-झिपमध्येच उघडा, फाइलवर एफ-२ दाबा आणि नाव बदला. झिप पुन्हा नव्याने लिहिली जाते, म्हणून डिस्कवर तेवढी जागा मोकळी असू द्या.

उलट दिशेला, म्हणजे आपण झिप करून पाठवताना, सेव्हन-झिप भरवशाचं आहे. नाव स्थानिक कोड पेजमध्ये बसत नसेल तर ते आपोआप यूटीएफ-८ वापरतं. सगळीकडे सक्तीच हवी असेल तर ॲड टू आर्काइव्हच्या खिडकीत पॅरामीटर्सच्या चौकटीत सीयू=ऑन हे इंग्रजी लहान अक्षरांत लिहा.

लांबीची मर्यादा मात्र तुम्हालाच पाहावी लागेल. विंडोजमध्ये एका नावाला २५५ एकक चालतात (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक), लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर २५५ बाइट. देवनागरीत २५५ बाइट म्हणजे फक्त ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांची यादी’ एवढ्यालाच ९२ बाइट लागतात. त्याला गाव, तालुका, जिल्हा, वर्ष जोडत गेलात की विंडोजवर नीट दिसणारी फाइल लिनक्सवर निघत नाही.

‘शेतकऱ्यांची’ या शब्दात आणखी एक खाच आहे. नुक्त्याचा र कुणी एका चिन्हाने लिहितं, कुणी र आणि नुक्ता वेगळे, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना एकच नाव, सेव्हन-झिपला तीन. जुनी यादी बदलायला नवी झिप त्याच फोल्डरमध्ये काढली तर ‘बदलू का’ असं ते विचारत नाही, दोन्ही फायली शेजारी बसतात. अशा वेळी तारीख आणि आकार पाहूनच जुनी पुसा.

नाव मुळातच नसणाऱ्या फायली बहुधा जीझेडमध्ये, म्हणजे एकच फाइल दाबून ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, भेटतात, कारण त्या फॉरमॅटमध्ये नाव ऐच्छिक आहे. नाव नसेल तर सेव्हन-झिप बाहेरच्या फाइलचंच नाव शेवटचं जीझेड काढून वापरतं, ते ठीक. असेल तर आतलंच नाव धरतं. पतसंस्थेचा रोजचा बॅकअप तारीखवार नाव देऊन ठेवलेला असला तरी आत प्रत्येकात ‘बॅकअप’ हेच नाव असू शकतं, म्हणून असे बॅकअप प्रत्येकी वेगळ्या फोल्डरमध्येच काढा.

मोठी झिप काढण्याआधी ती उघडून इन्फो बटणावर फायलींची संख्या पाहून ठेवा आणि काढून झाल्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली संख्या तिच्याशी ताडून बघा. संख्या कमी भरली तर मूळ झिप पुसू नका, ‘ऑटो रिनेम’ लावून नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये पुन्हा काढा.