एअर रायफलच्या पेलेटचा लॉट कसा निवडला: एका हंगामाचा अनुभव

परदेशातले बरेच परवानाधारक नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरतात. वापरलेलं पितळी कवच पुन्हा मापात आणायचं, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. एवढा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: आधीची गोळी गेली तशीच पुढची जावी. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि १० मीटर एअर रायफलमध्ये तर भरायला काहीच नसतं. शिशाचा एक छोटा पेलेट, म्हणजे छर्रा, आणि सिलिंडरमधली हवा, बस. पण सारखेपणाचा प्रश्न आमच्याही खेळात तेवढाच मोठा आहे. आमच्या हातात भरणं नाही, निवडणं आहे.

माझी मुलगी राज्य पातळीवर १० मीटर एअर रायफल खेळते आणि तिच्या पेलेटची जबाबदारी माझ्याकडे आहे. पावसाळ्याच्या आधीपासून मी वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले पेलेट, तपासतेय. आता ठामपणे लिहावं इतकं हाती आलंय.

आधी कॅलिबरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं, सांगते, कारण नवे पालक रेंजवर पहिल्यांदा तेच विचारतात. स्पर्धा खेळायची असेल तर निवडीला वावच नाही. १० मीटरला ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच, एवढंच चालतं. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्याहून मोठ्या बोअरच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागतो. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या मर्यादेच्या बरीच आत आहे. कुणी ०.२२ ची एअर रायफल "जास्त दमदार" म्हणून सुचवली तर ऐकू नका. कागदावर भोक पाडायला दम लागत नाही.

खरी निवड ४.५ च्या आत सुरू होते. चांगल्या पेलेटच्या डबीवर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. त्याशिवाय लॉट नंबर असतो. मापाकडे सगळे बघतात, लॉट नंबरकडे फार थोडे. माझ्या अनुभवात लॉट नंबरच जास्त महत्त्वाचा ठरला.

का, ते समजायला लक्ष्याचं गणित बघावं लागतं. रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेटची कड त्याला लागली की दहा, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. दशांशात मोजताना हे अडीच मिलिमीटर दहा पायऱ्यांत विभागले जातात. १०.९ साठी केंद्र पाव मिलिमीटरच्या आत लागतं, आणि पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. ६० शॉट्समध्ये ६१५ च्या पातळीवर खेळणाऱ्याची सरासरी १०.२५ असते. तिथे एक मिलिमीटर म्हणजे चार दशांश.

आता चाचणी. क्लबमध्ये जड टेबलावर पक्की बसवलेली व्हाइस, म्हणजे शिकंजा, आहे. रायफलची ॲक्शन, म्हणजे नळीमागचा यंत्रणेचा भाग, तिच्यात घट्ट धरायची, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही. नेम मध्यावर असण्याची गरज नसते, सगळे शॉट एकमेकांच्या किती जवळ पडतात एवढंच बघायचं. प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉट्सचे निदान तीन ग्रुप घ्या. पाच शॉट्सचा ग्रुप फसवतो; साधा लॉटसुद्धा पाचांत एखादं सुंदर भोक पाडून दाखवतो, सहावा-सातवा शॉट बाहेर जातो तेव्हा खरं कळतं. लॉट बदलला की आधी पंधरा-वीस पेलेट असेच सोडून द्या, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. सिलिंडरचा दाब १०० बारच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तपासणी कशाची चाललीय तेच कळत नाही.

कागदावर मोजायचं असेल तर जाड, कडक कार्डच घ्या. मऊ कागद आत ओढला जातो, भोकाची कड केसाळ होते आणि कॅलिपर कुठे टेकवायचा ते कळत नाही. बाहेरच्या कडा मोजून त्यातून ४.५ वजा केले की केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर सोन्याहून पिवळं. मॉनिटरवर प्रत्येक शॉटची जागा दिसते.

आमच्या नळीचा निकाल असा: सगळ्यात चांगल्या लॉटचे दहा शॉट बाहेरून साधारण ५.३ मिलिमीटरमध्ये आले, म्हणजे केंद्रांमध्ये एक मिलिमीटरसुद्धा नाही. दुसऱ्या एका नामांकित ब्रँडचा, तेच ४.५० माप असलेला लॉट मात्र ६.८ च्या आसपास पसरला. गंमत पुढे आहे. त्याच ब्रँडचा वेगळ्या नंबरचा लॉट क्लबमधल्या दुसऱ्या मुलाच्या रायफलमध्ये अप्रतिम चालतो. म्हणून "कुठला ब्रँड घेऊ?" या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं. सध्या आम्ही सामन्याला एच अँड एन फिनाले मॅचचा ४.५० चा एक लॉट वापरतो आणि मी त्यावर अगदी समाधानी आहे. तुमच्या नळीला कदाचित आरडब्ल्यूएस आर-१० किंवा जेएसबी जास्त मानवेल.

वजन करून पेलेट निवडायची पद्धत बरीच मंडळी सांगतात. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा घेऊन मी तेही केलं. सामन्याचा रायफल पेलेट ०.५३ ग्रॅमचा असतो. चांगल्या डबीत फरक फार तर पाच मिलिग्रॅमचा निघाला, म्हणजे सुमारे एक टक्का. त्याचा परिणाम किती? पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, १० मीटर जायला त्याला सेकंदाचा साधारण सतरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो १७ मिलिमीटर खाली येतो. ऊर्जा तीच धरली तर वजनातल्या एका टक्क्याने या पडण्यात ०.१७ मिलिमीटरचा फरक पडतो. एका दशांशापेक्षाही कमी. व्हाइसमध्येही तोललेल्या आणि न तोललेल्या पेलेटच्या ग्रुपमध्ये मला फरक दिसला नाही. संध्याकाळच्या संध्याकाळ काट्यापुढे घालवण्यापेक्षा तो वेळ दुसऱ्या लॉटची चाचणी घेण्यात लावा.

डोळ्यांनी निवडणं मात्र मी सोडणार नाही. पेलेटच्या मागच्या पातळ घेराला स्कर्ट म्हणतात. हवेच्या दाबाने तो फुगून नळीच्या आट्यांना चिकटतो आणि हवा अडवतो. तो एका बाजूने चेपला असेल तर हवा तिरकी सुटते. टेबललॅम्पखाली पेलेट उलटा धरला की गोल आणि चेपलेला घेर लगेच वेगळा दिसतो. एकदा ऑनलाइन मागवलेली डबी कोपऱ्यात चेपून आली आणि आत स्कर्ट वाकलेले कितीतरी पेलेट निघाले. विक्रेत्याने बदलून दिली नाही. तेव्हापासून डबी दुकानात उघडून बघूनच घेते. चेपलेले पेलेट सामन्यातून बाद, सरावातूनही बाद.

पावसाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. शिसं दमट हवेत पांढरं पडतं, लाकडी कपाटात तर आणखी लवकर, कारण लाकडातून सुटणारं आम्ल शिशाला खातं. आम्ही डब्या झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवतो. आणि पालकांनो, कृपा करून मुलांना पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडू देऊ नका. पेलेट ओठांत धरायची सवय तर पहिल्याच दिवशी मोडा. शिसं मुलांच्या शरीराला फार वाईट.

हे सगळं कुणी करावं? नुकतं शिकायला लागलेल्या मुलासाठी अजिबात नाही. हाताचा फैलाव आणि पेलेटचा फैलाव यांची सरळ बेरीज होत नाही. हाताचा १२ मिलिमीटर असेल तर पेलेटच्या २ मिलिमीटरने एकूण १२.२ होतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्या वयात साधे सरावाचे पेलेट आणि चांगले सर, एवढं पुरे. हाताचा फैलाव ४ वर आला की तेच २ मिलिमीटर एकूण साडेचारपर्यंत नेतात, आणि तिथून पुढे लॉटवर केलेला खर्च कामी येतो.

महाराष्ट्रात आता मुलं या पातळीला पोचतायत. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटरचा विश्वविजेता झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य आणलं. त्याच्या प्रकारात ०.२२ रिमफायर काडतूस लागतं. त्याचा प्रायमर कवचाच्या काठातच असल्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही, म्हणून तिथेही जगभरचे नेमबाज लॉटच तपासतात. आपल्या जिल्ह्याच्या मुलांना ही सोय सहज मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकट्या पालकाला पाच-सहा लॉटच्या डब्या फक्त तपासायला घेणं परवडत नाही.

त्यावर आम्ही क्लबमध्ये काढलेला मार्ग चांगला चाललाय. चार-पाच घरांनी मिळून वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी आणायची, सगळ्या रायफलींवर एकाच रविवारी तपासायची, आणि ज्याच्या नळीला जो लॉट मानवेल तो त्याने लगेच हंगामभराचा घ्यायचा. लगेचच, कारण माल आयात होतो आणि संपलेला नंबर पुन्हा येत नाही. सामन्याचे ६० शॉट आणि आधीचे साइटर, म्हणजे नेम जुळवायचे न मोजलेले शॉट, धरले तर ५०० ची डबी सहा सामन्यांत संपते, त्या हिशेबाने मागवा. शेवटची डबी फोडायच्या आत पुढच्या लॉटची चाचणी झालेली असू द्या.