दादरचं दोन दिवसांचं बिझनेस स्ट्रॅटेजी वर्कशॉप : साडेचार हजार वसूल झाले का?

मागच्या महिन्यात शनिवार-रविवार करून आलो, दादर स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये, फी साडेचार हजार, जेवण धरून. नाव टाकत नाही, उगाच त्यांचे फोन सुरू होतील. आमचा भांडुपला गाळा आहे, मिठाईचे न केकचे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो, मी, बाबा आणि चार कामगार.

पहिला दिवस फुकट गेला. सरांनी दीड तास कोडॅकचं सांगितलं, १९७५ ला त्यांच्याच इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला तरी कंपनी फिल्मला चिकटून राहिली आणि २०१२ ला दिवाळखोरीत गेली, मग नोकिया, मग 'पिवट करा, पिवट करा', म्हणजे वेळेत धंद्याची दिशा बदला. अहो, जून २०१८ ला प्लास्टिकबंदीची कारवाई सुरू झाली तेव्हा बाबांनी महिन्याभरात पिशव्यांचा माल काढून टाकून कागदी बॉक्सचं डाय पंचिंग मशीन (पुठ्ठा बॉक्सच्या आकारात कापायचं) आणलं, त्यांना पिवट शब्द आजही माहीत नाही.

रविवार मात्र भारी. एक मॅडम होत्या, स्लाइड नाही काही नाही, म्हणाल्या वह्या काढा आणि तुमच्या टॉप दहा पार्ट्या, म्हणजे माल घेणारी गिऱ्हाइकं, लिहा, प्रत्येकीपुढे वर्षाचं बिलिंग, डिस्काउंट किती, टेम्पोच्या फेऱ्या किती आणि पैसे किती दिवसांनी येतात. लिहिताना घामच फुटला. आमची सगळ्यात मोठी पार्टी, जिचं नाव बाबा चारचौघांत अभिमानाने घेतात, ती पैसे देते शंभरएक दिवसांनी, आणि आम्ही पुठ्ठेवाल्याला देतो तिसाव्या दिवशी, मधलं सगळं बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जावर. म्हणजे त्यांच्या पेढ्यांचं व्याज आम्ही भरतोय! आणि ज्या छोट्या बेकऱ्यांना आम्ही 'नंतर बघू' म्हणतो त्या टेम्पो निघायच्या आत जीपे करतात.

मग ४५ दिवसांचा नियम आला. उद्यम रजिस्ट्रेशनवाल्या (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) छोट्या युनिटचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर पैसे देईपर्यंत समोरच्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही (१९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ४३बी(एच)). इथे सरांनी मध्येच उठून घोळ घातला, माझ्या शेजारच्या काकांचं भांड्यांचं होलसेल, त्यांनाही 'तुम्हालाही लागू' सांगून टाकलं. चहाला मी आमच्या सीएला मेसेज केला तर उत्तर आलं की ट्रेडर्सनी विकलेल्या मालाच्या बिलांना हे लागू नाही, माल बनवणारे आणि सर्व्हिसवाल्यांच्याच बिलांना. काका बिचारे त्याच जोशात दोन पार्ट्यांना फोन लावून बसले होते.

शेवटचा तास म्हणजे नुसती विक्री. पंच्याऐंशी हजारांचं वर्षभराचं कोचिंग, 'आज भरलं तर साठ', मी टॉयलेटला जातो सांगून सटकलो. जेवण ठीक, भात गार.

घरी बाबा म्हणाले, 'वीस वर्षांची पार्टी आहे, काही बोलायचं नाही.' चार दिवसांनी स्वतःच फोन केला, आता त्यांना दोन रेट दिलेत, तीस दिवसांचा वेगळा न पुढचा वेगळा. कुरकुर झाली, पण जुनं एक बिल लगेच क्लिअर केलं.

तीन स्टार, तिन्ही रविवारचे. जाणार असाल तर पार्टी लेजरची (प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्याची) प्रिंट काढून न्या, हॉलमध्ये नेटवर्क येत नाही आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली काही उघडत नाही.