जुन्नर की वाई? ठाण्याहून एका मुक्कामासाठी

थंडी सुरू झाली की आमच्या सोसायटीत एक प्रश्न हमखास निघतो. लोणावळा नको, महाबळेश्वर नको, एका मुक्कामात होईल आणि जरा शेतीवाडी दिसेल असं गाव सांगा. मग फिरून फिरून दोनच नावं उरतात. गेल्या दोन वर्षांत मी दोन्ही केली आणि दोन्ही वेळा माणसं तीच होती: आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. तेव्हा पुढचं सगळं या चौघांच्या मापाने वाचा.

रस्त्याचा निकाल एकतर्फी आहे. माजिवड्याहून पहाटे साडेपाचला निघालो, शहाडचा पूल जाग येण्याआधी ओलांडला, मुरबाड, टोकावडे, माळशेज करत नऊला जुन्नरमध्ये नाश्त्याला हजर. वाईला मात्र एक्सप्रेसवे, मग पुण्याचा बायपास, कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी असं सगळं पार करून सुरूर फाट्याला वळेपर्यंत पाच तास होऊन गेले होते. लवकर निघूनही.

पाहण्यासारखं म्हणाल तर जुन्नरचं पारडं जड. शिवनेरी एकटा पुरेसा आहे. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मुलाने पुस्तकात दहा वेळा लिहिली असेल, पण सात दरवाजे पार करून शिवजन्माच्या इमारतीपाशी पोचल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारले. नाणेघाट तर आपल्या बाजूच्या माणसाने बघावाच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल सातवाहनांच्या काळात याच नाळेतून वर जुन्नरला जायचा. घाटाचा पायथा आजही ठाणे जिल्ह्यात, मुरबाडकडे आहे. वरच्या गुहेत नागणिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात दानात दिलेल्या गायी, हत्ती, नाण्यांचे आकडे कोरलेत, आणि ते देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोडतात. गणितात काठावर पास होणारा आमचा चिरंजीव ते आकडे शोधत वीस मिनिटं उभा होता. ओझरचा विघ्नहर, खोडदची 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, हे सगळं त्याच तालुक्यात. शासनाने 2018 साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, ते उगाच नाही. आणि मासवडी. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

एवढं असून माझं मन जुन्नरवरून उठलं, त्याला कारण पायऱ्या.

शिवनेरीला आई गाडीत बसून राहिली, दार उघडं ठेवून. नाणेघाटाला वरच्या पठारावर सतरंजी टाकून बसली. गुहेपर्यंतची उतरण तिला झेपणारी नव्हती. लेण्याद्रीला मात्र तिला जायचंच होतं, अष्टविनायकांतला तेवढा एक राहिला होता. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोली मिळते, विचारलंही. "माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जाऊ? तुम्ही जाऊन या, मी चपला सांभाळते." वर गिरिजात्मजाचा मंडप पाहिलात तर कळेल मी काय म्हणतोय. एवढं मोठं दालन कातळात खोदलंय आणि मधे एकही खांब नाही. तिथे निवांत बसायचं, तर आमचं लक्ष खाली. दहा मिनिटांत उतरलो. आई सरबताच्या टपरीवर बसलेली, मांडीवरचा नारळ माकडाने नेलेला. घरी आल्यावर फोटो पाहिले. शंभरेक फोटोंत आई फक्त एकदा, मासवडीच्या ताटासमोर.

वाईत हे झालं नाही, एवढंच. गाडी एकदा लावली आणि कृष्णेच्या घाटांवरून चालत सुटलो. ढोल्या गणपती सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेला, मूर्ती अवाढव्य, पण मला आवडली ती देवळाची मागची भिंत. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशासारखी निमुळती बांधली आहे. मुलगा आणि ही ते बघायला गेली आणि आई घाटाच्या पायरीवर टेकली. शेजारी एक बाई धुणं आपटत होत्या. "कुठल्या हो तुम्ही?" इथून सुरुवात झाली आणि हळद काहिलीत किती वेळ शिजवायची इथवर गेली. फेब्रुवारी होता, हळदीचे दिवस. निघताना पिशवीत दोन किलो हळकुंडं.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. उंबरे उंच आहेत, पण हात धरून सगळी भित्तिचित्रं दाखवता आली. घाटावरच्या छोट्या देवळातली घंटा नक्की बघा. ती आपल्या वसईची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा आलेली ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, साल 1707. आई म्हणाली, "आपल्याकडूनच आलीय म्हणजे." तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा डोलारा याच गावात बसून उभारला, हेही तिनेच मुलाला सांगितलं. मी विसरलो होतो.

वाईला खोट नाही असं नाही. घाटाच्या एका टोकाला पाणी साचून वास येत होता. आमची खोली एसटी स्टँडच्या इतकी जवळ होती की पहिली गाडी आमच्या उशाखालून सुटली. मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंगवाल्यांचे दोन कॅमेरे होते आणि आम्हाला तीनदा "काका, फ्रेममधून जरा बाजूला" ऐकावं लागलं. ज्याला चालायचंय, चढायचंय, त्याला दुसऱ्या दिवशी तिथे थोडं रिकामं वाटू शकेल. धोम धरण आणि तिथलं नरसिंहाचं देऊळ धरूनही.

म्हणजे मुलं दहा ते पंधरातली आणि सगळ्यांचे गुडघे शाबूत असतील, तर जुन्नरला जा, मी अडवणार नाही. फक्त पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, माळशेजात धबधब्याखाली भिजणाऱ्यांच्या गाड्यांमध्ये अर्धा दिवस जाईल. घरातलं कुणी "तुम्ही जाऊन या" म्हणणारं असेल, तर मात्र माझं मत वाईला. आणि परतताना एक करा: रविवारी जेवण आटोपून दोनच्या आत वाई सोडा. त्यानंतर महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी पसरणीचा घाट उतरून खाली येते आणि तुमच्याच पुढे खंबाटकीच्या बोगद्यात शिरते.