स्टीम डेकवर स्टीमबाहेरचे गेम: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्टीम डेक म्हणजे वॉल्व्ह कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र आणि स्टीम हे त्याच कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान. डेकवर फक्त स्टीमचेच गेम खेळणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही. दुकान उघडा, गेम घ्या, डाउनलोड होऊ द्या, खेळा. गेमच्या पानावर हिरवी खूण असेल तर वॉल्व्हने तो डेकवर तपासलेला आहे. पिवळी असेल तर कुठेतरी अक्षरं बारीक दिसतील किंवा एखाद्या ठिकाणी कीबोर्ड वर काढावा लागेल, एवढंच.

माझी लायब्ररी मात्र तशी एकाच ठिकाणी नाही, आणि बहुतेकांची नसते. एपिक या दुसऱ्या दुकानात फुकट वाटलेले गेम वर्षानुवर्षं साठलेत, गॉग या तिसऱ्या दुकानात सेलमध्ये घेतलेले जुने गेम आहेत, थोडे ॲमेझॉन प्राइमच्या सदस्यत्वासोबत आलेत आणि काही मोठ्या प्रकाशकांच्या स्वतःच्या लाँचरला, म्हणजे गेम उघडून देणाऱ्या ॲपला, बांधलेले आहेत. हे सगळं एका डेकवर आणायचा खटाटोप मी केला. तो कुठे सुखाचा झाला आणि कुठे सोडून दिला, ते लिहिते आहे.

आधी यंत्राबद्दल दोन शब्द. माझ्याकडे ५१२ जीबीचा ओलेड डेक आहे, म्हणजे नोव्हेंबर २०२३मध्ये आलेलं मॉडेल. वॉल्व्ह तो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आला. इथे वॉरंटी नाही, म्हणून मी तो उघडून मोठी एसएसडी वगैरे घालण्याच्या फंदात पडले नाही. जागा जपून वापरावी लागते आणि पुढचे बरेच निर्णय त्यातूनच झालेत.

डेकवर विंडोज नाही, स्टीमओएस आहे, म्हणजे आर्च लिनक्सवर उभी केलेली सिस्टिम. विंडोजचे गेम त्यावर चालतात ते प्रोटॉनमुळे. वॉल्व्हने २०१८मध्ये आणलेलं हे प्रोटॉन विंडोजचं वागणं लिनक्सवर उभं करतं आणि विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स पद्धतीतल्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या पद्धतीत बदलून देतं. गेम कुठल्या दुकानातून घेतला याच्याशी प्रोटॉनला देणंघेणं नसतं. म्हणून बाहेरचा गेम चालेल का, ही काळजी करायची गरज बहुतेक वेळा नसते. गेम सहसा अडत नाही, अडतो तो त्याचा दुकानदार. इतक्या महिन्यांत माझं हे मत पक्कं होत गेलंय.

सुरुवात डेस्कटॉप मोडपासून होते. पॉवरचं बटण दाबून धरलं की मेनूमध्ये डेस्कटॉपवर जायचा पर्याय येतो आणि समोर नेहमीच्या संगणकासारखा पडदा उघडतो. उजवा ट्रॅकपॅड म्हणजे माउस, आर-२ म्हणजे क्लिक, स्टीम आणि एक्स एकत्र दाबलं की कीबोर्ड. तिथे डिस्कव्हर नावाच्या ॲपमधून हिरोइक गेम्स लाँचर बसवायचा. एपिक, गॉग आणि ॲमेझॉन या तिघांचे गेम हा एकटा सांभाळतो आणि तो मोफत आहे. लॉगिन करताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. लांबलचक पासवर्ड, मग ईमेलवरचा कोड, तोही सात इंची पडद्यावरच्या कीबोर्डवर. यूएसबी-सी हब आणि घरातला कुठलाही कीबोर्ड जोडून हे काम एकदाच उरकून टाका.

एपिकपासून सुरू करू, कारण बहुतेकांचा साठा तिथेच असतो. फुकट ते पौष्टिक. डिसेंबर २०१८मध्ये दुकान उघडल्यापासून ते गेम फुकट वाटतायत. दर गुरुवारी नवा गेम येतो, आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला, कारण अमेरिकेतली घड्याळं पुढेमागे होतात. मी तो फोनवरूनच खात्यात टाकून ठेवते. हिरोइकमध्ये लॉगिन केल्यावर ही सगळी यादी चित्रांसकट समोर येते. गेम निवडायचा, कुठे बसवायचा ते सांगायचं, डाउनलोड झाला की ‘स्टीममध्ये जोडा’ हा पर्याय दाबायचा आणि स्टीम पुन्हा सुरू करायचं. गेम मोडमध्ये परतलात की तो इतर गेमांच्या रांगेत स्वतःच्या चित्रासह बसलेला दिसतो.

यातली गोम अशी की एपिकचा स्वतःचा लाँचर डेकवर येतच नाही. हिरोइकच्या पोटात लेजेंडरी नावाचं एक छोटं मुक्तस्रोत साधन आहे, तेच एपिकच्या सर्व्हरशी बोलतं. त्यामुळे मागे काही जड चालू राहत नाही. झोपेचं बटण दाबून गेम आहे तिथे थांबवणं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलणं, डेकची ही सगळ्यात लाडकी सोय स्टीमबाहेरच्या गेमांनाही लागू आहे. तीन ठिपक्यांच्या बटणामागची फ्रेम आणि वॅटची मर्यादाही प्रत्येक गेमला वेगळी ठेवता येते. साध्या टू-डी गेमला पाच-सहा वॅट पुरतात आणि बॅटरी किती लांबते ते बघून बरं वाटतं.

फरक पडतो तो शेडरचा, म्हणजे ग्राफिक्स चिपला चित्र कसं काढायचं ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा. स्टीमचा गेम घेतला की वॉल्व्ह डेकसाठी आधीच तयार केलेले शेडर सोबत पाठवतं. बाहेरच्या गेमाला ते मिळत नाहीत, ते खेळता खेळता तयार होतात. म्हणून मोठ्या थ्री-डी गेममध्ये नवा भाग उघडला की सुरुवातीला गचके बसतात आणि त्याच भागात परत आलात की बसत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासावरून गेमाला नाव ठेवू नका.

दुसरी गोष्ट सेव्हची. एपिक आणि गॉगच्या ज्या गेमांना क्लाउड सेव्ह आहे, त्यांची ने-आण हिरोइक करतो, पण ते प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे का ते बघावं लागतं. ज्यांना क्लाउडच नाही, त्यांच्यासाठी डिस्कव्हरमध्ये लुडुसावी नावाचं ॲप आहे. ते सेव्हच्या फाइली शोधून एका ठिकाणी ठेवतं. मी महिन्यातून एकदा तो फोल्डर लॅपटॉपवर उतरवते.

आता गॉग. खरं सांगायचं तर डेक घेतल्यावर माझं याच दुकानावरचं प्रेम वाढलं. इथे कुलूपच नाही. गेम विकत घेतला की त्याचा इन्स्टॉलर आपल्याकडे उतरवून ठेवता येतो आणि तो चालवायला कुणाची परवानगी लागत नाही, इंटरनेटही नाही. हिरोइकमधून गॉग एपिकसारखाच बसतो. पण माझ्या हार्ड डिस्कवर जुने इन्स्टॉलर पडलेले होते, ते मी हाताने बसवले. ही पद्धत एकदा समजली की कुठल्याही बाहेरच्या एक्झी फाइलला (विंडोजच्या प्रोग्रॅमच्या फाइलला) वापरता येते. डेस्कटॉप मोडमधल्या स्टीममध्ये ‘नॉन-स्टीम गेम जोडा’ म्हणून तो इन्स्टॉलर जोडायचा, त्याच्या गुणधर्मांत जाऊन प्रोटॉन सक्तीने लावायचं आणि चालवायचा. नेहमीसारखं नेक्स्ट-नेक्स्ट करत गेम बसतो. मग त्याच शॉर्टकटमध्ये इन्स्टॉलरच्या जागी गेमच्या एक्झीचा पत्ता द्यायचा.

तो पत्ता शोधणं हीच खरी कसरत. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी-ड्राइव्ह तयार करतं आणि ती स्टीमच्या कॉम्पॅटडेटा या फोल्डरात, नाव नसलेल्या, नुसता लांबलचक आकडा असलेल्या उपफोल्डरात दडलेली असते. फोल्डर तारखेप्रमाणे लावले की सगळ्यात वरचा तुमचा. हाताने जोडलेल्या गेमाला चित्र नसतं, राखाडी चौकट दिसते. स्टीमग्रिडडीबी या साइटवरून चित्र उतरवून लावता येतं. मी लावते, कारण राखाडी चौकटींची रांग बघवत नाही.

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ माझ्याकडे असाच आहे. स्टीमवर त्याची एचडी आवृत्ती मिळते, पण तिच्यात मूळ खेळाचे दोन्ही विस्तार नाहीत. गॉगवरच्या ‘कम्प्लीट’मध्ये ते आहेत. १९९९चा हा खेळ मूळचा ८०० बाय ६००चा, माउसने खेळायचा. उजव्या ट्रॅकपॅडवर तो इतका सहज खेळता येतो की लॅपटॉपवर उघडायची आठवणही होत नाही. पाळीवर चालणारा खेळ असल्यामुळे मध्येच कुणी हाक मारली तरी चालतं. अशा जुन्या खेळांसाठी तरी गॉग आणि डेकच्या जोडीला तोड नाही. दुकानाचे भाव मात्र आपल्याला डॉलरमध्ये दिसतात, कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरून हिशोब करा.

गॉगवरच्या काही मोठ्या गेमांना स्वतःचा छोटा लाँचर असतो, जो आधी उघडतो आणि बातम्या दाखवतो. हिरोइकमध्ये गेमच्या सेटिंगमध्ये दुसरी एक्झी निवडायची सोय आहे. थेट गेमची एक्झी दिली की तो टळतो.

प्राइमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यांनी दिलेले बरेच गेम गॉगच्या किंवा एपिकच्या कोडच्या रूपात येतात. ते त्या त्या खात्यात भरले की काम संपलं. उरलेले ॲमेझॉनच्या स्वतःच्या यादीत राहतात आणि हिरोइकमध्ये दिसतात. इच डॉट आयओ या छोट्या निर्मात्यांच्या साइटवरचे छोटे प्रयोग मी डेस्कटॉपवरच खेळते, त्यातल्या बऱ्याच गेमांच्या लिनक्स आवृत्त्या मिळतात.

मी हात टेकले ते प्रकाशकांच्या लाँचरपुढे. यूबिसॉफ्ट, ईए, रॉकस्टार, ब्लिझार्ड (त्यांचा बॅटलनेट), या प्रत्येकाचा स्वतःचा लाँचर आहे आणि यांतल्या बऱ्याच प्रकाशकांचे गेम स्टीमवरून घेतले तरी तो मागून येतोच. वेगळे बसवायचे असतील तर लुट्रिस नावाचं ॲप आहे किंवा नॉन-स्टीम-लाँचर्स नावाची स्क्रिप्ट आहे. बसतात सगळे. टिकत नाहीत. यांतल्या एकाचं, नाव घेत नाही, मी बरेच दिवस मनापासून केलं. दर आठवड्याला पुणे-मुंबई जाणं-येणं असतं. डेक्कन क्वीनमध्ये बसून गेम उघडावा तर आधी लाँचर उघडणार, तो स्वतःला अपडेट करणार, मग पुन्हा पासवर्ड मागणार. लोणावळा मागे पडून घाट सुरू झाला की बोगद्यांमध्ये नेटवर्क येतं-जातं, तेवढ्यात त्याला ओळख पटवायची असते. कर्जत येईपर्यंत गोल चक्रच फिरत राहतं. ऑफलाइन मोड होता, पण तो चालू करायला आधी ऑनलाइन यावं लागत होतं! एका अपडेटनंतर तर लाँचरची खिडकी नुसती काळी दिसायला लागली. प्रोटॉनची दुसरी आवृत्ती लावून ती दुरुस्त झाली, तोवर माझा खेळायचा मूड गेला होता. गेम किती जीबीचा, त्यासाठी केवढा हा बडेजाव. नाकापेक्षा मोती जड. ते गेम आता लॅपटॉपवर आहेत आणि तिथेच बरे आहेत.

प्रोटॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचा उल्लेख आला म्हणून सांगते. जीई-प्रोटॉन नावाची एक समाजाने चालवलेली आवृत्ती आहे, तिच्यात वॉल्व्हच्या प्रोटॉनमध्ये नसलेल्या दुरुस्त्या असतात. कटसीनच्या (गेममधल्या चित्रफितींच्या) जागी रंगीत पट्टे दिसत असतील तर आधी ती लावून बघा. प्रोटॉनअप-क्यूटी या ॲपमधून ती उतरवता येते, हिरोइकमधूनही.

मायक्रोसॉफ्टचं गेम पास हे गेमचं सदस्यत्व असेल तर मात्र डेकचा विचार सोडा. ते गेम स्टीमओएसवर बसत नाहीत, क्लाउडवरून ओढायचे तेवढेच. त्यांच्यासाठी एसुसचा आरओजी अलाय, लेनोव्होचा लीजन गो असे विंडोजवाले हँडहेल्ड आहेत आणि ते भारतात दुकानातून, वॉरंटीसकट मिळतात. तिथे वर लिहिलेला एकही उपद्व्याप करावा लागत नाही, सगळे लाँचर लॅपटॉपसारखे चालतात. बोटांनी विंडोज हाताळायची तयारी हवी. माझी नाही.

दोन-तीन फुटकळ गोष्टी. स्टीमओएसचा मुख्य भाग बदलता येत नाही असा बंद केलेला असतो. तो उघडून पॅकमन या आर्च लिनक्सच्या साधनाने काही बसवलं तर पुढच्या मोठ्या अपडेटला ते पुसलं जातं. डिस्कव्हरमधून फ्लॅटपॅक म्हणून (सिस्टिमपासून वेगळं राहणारं पॅकेज) आलेलं टिकतं, म्हणून सगळं तिथूनच घ्या. डेकी या साधनाची प्लगिन (डेकला जादा सोयी देणारी छोटी ॲप) लोकप्रिय आहेत, गेम मोडमध्येच एपिक दाखवणारंही एक आहे. पण अपडेटनंतर ती पुन्हा बसवायची वेळ येऊ शकते, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला गेले नाही. मायक्रोएसडी कार्ड डेकवर फॉरमॅट केलं की ते एक्स्ट-४ या लिनक्सच्या पद्धतीचं होतं आणि विंडोज लॅपटॉपला वाचता येत नाही. कार्डावर मी स्टीमचे गेम ठेवते आणि आतल्या एसएसडीवर बाहेरचे. कारण साधं आहे. स्टीमचा गेम उडवला तरी घरच्या वायफायवरून लॅपटॉपवरची प्रत थेट डेकवर घेता येते, २०२३पासून ही सोय आहे. हिरोइकच्या गेमाला ती नाही, आणि ४०-५० जीबी पुन्हा उतरवताना डेक झोपला की डाउनलोडही थांबतं.

या सगळ्याचा परिणाम खरेदीवर झाला. एखादा गेम दोन-तीन दुकानांत असेल तर आता मी नुसती किंमत बघत नाही. नवा, जड थ्री-डी गेम असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी स्टीम. जुना किंवा कायम जवळ ठेवावासा वाटणारा असेल तर गॉग. एपिकवर मी पैसे देऊन घेत नाही, तिथलं फुकटच खेळून संपत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला ‘राजी’ मी स्टीमवरूनच घेतला, प्रवासात तोच सगळ्यात आधी उघडतो.

शेवटी अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर. इथे कुठलाच जुगाड चालत नाही. ईझी अँटी-चीट एपिकच्याच मालकीचं, आणि २०२१पासून ते प्रोटॉनवर चालू शकतं. तरी एपिकचा स्वतःचा फोर्टनाइट डेकवर चालत नाही, कारण एपिकने त्यात ही सोय चालू केलेली नाही. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४पर्यंत चालायचं. बॅटलआय हे अँटी-चीट आलं आणि डेकवर ते बंद झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत एपेक्स लेजंड्सने लिनक्सला दार लावलं. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, तो प्रश्नच नाही. माझ्या भाच्याने डेक हातात घेतल्यावर पहिलं हेच विचारलं, “मावशी, यात व्हॅलोरंट चालतं ना?” नाही म्हटल्यावर त्याने तो लगेच परत दिला. त्याला विंडोजचा लॅपटॉप घे म्हणून सांगितलं. त्याच्या आईचंही तेच म्हणणं होतं, अर्थात अभ्यासासाठी.